कड्या

उरवाई दरवाज्यापर्यंत टेम्पो, पुढे गाडीवाल्याशी घासाघीस.
"जन्म लष्करातला," शरयूमावशी म्हणाली,
"रोज गच्चीत लुगडी वाळत घालताना किल्ला बघितला,
वर काही आले नाही.
दारचा डोंगर, त्याला कोण बघायला जातं?"

निळ्या फरश्यांवरची पिवळी बदकं तिला आवडली.
एकामागे एक, कुठे पोचायचंच नसल्यासारखी.
मोजायला लागली, विसापाशी चुकली,
गुडघ्याला शिव्या देत जिन्याकडे वळली.

हरप्रसाद कुशवाह दीडशे रुपयांत तळघर दाखवतो,
भूत त्यातच.
रात्री बेड्या वाजतात, म्हणतो, त्याच्या साडूनं ऐकल्यात.
साडू पीत नाही, हेही सांगतो. दोनदा.

खाली वटवाघळांचा वास, आणि ऊन विसरलेला दगड.
तो टॉर्च वर धरतो: छतात लोखंडी कड्या.
इथे राण्यांचे झोपाळे होते.
मग राज्य बदललं, वरचे मालक बदलले,
कड्या तशाच होत्या,
तर त्यांना माणसं टांगली.
सांगतो असं, जसं बिऱ्हाड सोडताना
खुंट्या मागे राहतात.

कॉलेजची पोरं ओरडून बघतात,
आपलाच आवाज कसा परततो ते.
मावशी विचारते, "इनको खाना कौन देता था?"
हरप्रसाद थांबतो. हा प्रश्न त्याच्या पाठात नाही.
"सुबह पोस्त का पानी, मैडम. प्याला खाली,
तब रोटी. धीरे धीरे आदमी खुद को भूल जाता था।
इसीलिए उनकी आत्माएँ—"
"वो ठीक है. और घरवाले?
फाटक तक आने देते थे?"

मला माहीत आहे ती काय शोधते आहे.
पंचाहत्तर साली मी सहा वर्षांची,
तिचा पदर धरून सेंट्रल जेलच्या फाटकाशी उभी.
डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी,
संक्रांतीला तिळाचे लाडू.
शिपाई एकेक लाडू फोडून बघायचा,
आत काय आहे?
आत तीळच असायचे.
एकोणीस महिने.

दिगंबरकाका सुटला तेव्हा गल्लीनं हार घातले.
त्या रात्रीपासून त्यानं
घरातलं एकही दार लावू दिलं नाही.
न्हाणीचंसुद्धा.
कुठे कडी वाजली की ताट सोडून उठायचा.
तीस वर्षं आमच्या घरी मांजरं, पावसाचे शिंतोडे,
जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी
न विचारता आत येत राहिली.
आम्ही त्याला स्वभाव म्हणायचो.

भिंतीत एक भोक आहे,
तिथून पोकळ वाट दगडातनं वरपर्यंत गेलेली.
वरून हुकूम यायचे, हरप्रसाद सांगतो.
खालून काही जायचं का, ते तो सांगत नाही.
मावशी चष्मा काढते, पदराला पुसते,
भोकाला तोंड लावून हळूच विचारते,
"जेवलात?"

वरच्या दालनात कुणीतरी बाई किंचाळली.
पळती पावलं, मुलाचं रडणं, एका चपलेची फटफट.
पोरं हसून हसून भिंतीला टेकली.
हरप्रसाद हसला नाही.
मला दिसलं, तो ते मनात टिपून घेत होता:
उद्यापासून इथे एक मराठी बाई असेल,
रात्री जेवणाचं विचारणारी.
तिचेही पैसे दीडशेतच.

बाहेर ऊन इतकं, की डोळे मिटावे लागले.
खाली उतरून मुरैन्याची गजक घेतली, पाव किलो.
मावशीनं एक वडी मोडली,
आत पाहिलं,
मग खाल्ली.